जुनी ट्राम रुळांवरच हवी

जुन्या ट्रामची जागा संग्रहालयात, असे म्हणणाऱ्यांचे तीन आक्षेप असतात. ती पर्यटकांचे खेळणे आहे; तिच्या पुनर्बांधणीत पैसा वाया जातो; आणि इतके भाग बदलल्यावर ती जुनी उरतेच कुठे? तिन्ही आक्षेप मला अमान्य आहेत.

पहिला आक्षेप. सॅन फ्रान्सिस्कोच्या एफ मार्गावर १९९५ पासून प्रामुख्याने १९४० च्या दशकातले ‘पीसीसी’ प्रकारचे ट्राम-डबे धावतात. तिथल्या प्रसिद्ध केबल कारचे तिकीट महाग आहे; या ट्रामला मात्र शहर बसचेच भाडे पडते. त्याच डब्यात पर्यटकही बसतात, म्हणून कामावर निघालेल्या माणसाचा प्रवास खोटा ठरतो का? मिलानमध्ये तर १९२८ च्या रचनेच्या शंभराहून अधिक ट्राम नियमित मार्गांवर प्रवासी वाहत आहेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पुनर्बांधणी स्वस्त नसते. गंजलेला पत्रा कापावा लागतो, वायरिंग नव्याने ओढावे लागते, मोटरी उघडून बांधाव्या लागतात. पण हिशेब आयुष्याशी जोडून मांडायला हवा. अमेरिकेत मोठ्या शहर बसचे किमान आयुष्य १२ वर्षे धरतात. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र फिलाडेल्फियातून जुने डबे घेतले, १९९० च्या दशकात ते नव्याने बांधून घेतले आणि पुढे पुन्हा पेनसिल्व्हेनियातील ब्रुकव्हिलच्या कारखान्यात पाठवले. सांगाडा दुसऱ्यांदा उभा करण्याजोगा निघाला, यातच मूळ बांधणीची किंमत दिसते.

तिसरा आक्षेप अस्सलपणाचा. लिस्बनने १९९० च्या दशकात आपल्या जुन्या ट्रामखाली नवी चाके, नव्या मोटरी आणि नवे ब्रेक बसवले. अरुंद गल्ल्या, तीव्र वळणे आणि उभे चढ यांतून जाणाऱ्या २८ क्रमांकाच्या मार्गावर त्याच आखूड गाड्या उपयोगी पडतात; लांबलचक आधुनिक ट्राम तिथे वळणारच नाही. चालत्या वाहनाचे सुटे भाग पहिल्या दिवसापासून झिजतात आणि बदलले जातात. ब्रेक जुनाच ठेवण्याचा हट्ट धरला, तर किंमत प्रवाशाला मोजावी लागेल. मूळ अवस्थेतला एखादा डबा संग्रहालयात जरूर ठेवावा. बाकीच्यांनी काम करावे.

चौथा एक आक्षेप मात्र खरा आहे. उंच पायऱ्यांमुळे चाकांची खुर्ची वापरणाऱ्याला या गाडीत चढता येत नाही. एफ मार्गाच्या प्रमुख थांब्यांवर त्यासाठी उताराचे उंच फलाट बांधले आहेत. अशी सोय नसेल, तर जुन्या ट्रामचे कौतुक कोणी करू नये. ज्या वाहनात सर्वांना चढता येत नाही, ते सार्वजनिक नव्हे.

माझे म्हणणे इतकेच: वाहनाचे जतन त्याच्या सेवेतून होते. रोजचे वेळापत्रक पाळायचे असले की बिघाड लपवता येत नाही, कारागीर हाताशी ठेवावे लागतात आणि जुने कसब नव्या हातांत उतरते. म्हणून डबा भंगारात काढण्याआधी शहराने त्याचा सांगाडा तपासावा. तो धड असेल, तर ब्रेक, वायरिंग आणि मोटरी नव्या कराव्यात, थांब्यावर फलाट बांधावा आणि साध्या तिकिटात लोकांना बसू द्यावे.