ड्राय डेचे ४८ तास आणि दारू बंद झाल्यावर येणारी फिट

विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले, तेव्हा आपल्या शेंदूरजनाघाट-वरुड भागासह राज्यभर दारूची दुकाने बंद होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-सी नुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्रीला बंदी असते. हा नियम योग्यच आहे. पण वैद्यकशास्त्रातही एक ४८ तासांचा हिशेब आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर फिट येण्याचा धोका साधारण शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो. म्हणजे दुकान बंद असण्याचा काळ आणि धोक्याचा काळ नेमका एकच.

मेंदूत काय घडते?

मेंदूच्या पेशींवर रासायनिक संदेश घेणाऱ्या जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यातले ‘गाबा’चे रिसेप्टर ब्रेकचे काम करतात, तर ‘ग्लुटामेट’चे एनएमडीए रिसेप्टर ॲक्सिलरेटरचे. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते, म्हणून पिणाऱ्याला सुस्ती येते.

हे वर्षानुवर्षे रोज चालले की मेंदू तोल सांभाळायला स्वतःत बदल करतो. गाबाचे रिसेप्टर दारूला पूर्वीसारखी दाद देत नाहीत आणि एनएमडीएचा जोर वाढतो. दारू सुरू असेपर्यंत हे झाकलेले राहते. ती एकदम थांबली की ब्रेक कमजोर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशी अवस्था होते. उतारावरच्या ट्रॅक्टरसारखा मेंदू सुसाट सुटतो. आधी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना त्यानंतर सर्वांगाला झटके येतात.

ही बाहेरची बाधा नाही आणि नाटकही नाही. दर वेळी दारू अशी अचानक तुटली, तर पुढच्या वेळी फिट येण्याची शक्यता वाढत जाते.

घरच्यांनी काय करावे?

निवडणूक हे फक्त निमित्त. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दुकाने अनेक आठवडे बंद होती. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. घरातही हेच घडते: कोणी देवाची शपथ घालतो, कोणी माणसाला खोलीत कोंडतो. हेतू चांगला असतो, पण दारू सोडवायची तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आम्ही लोराझेपाम किंवा डायझेपामसारखी औषधे देतो. ती गाबाच्या ब्रेकला आधार देतात आणि काही दिवसांत मात्रा कमी करत थांबवली जातात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतो. ही औषधे मेडिकलमधून मनाने आणून देऊ नका. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो.

फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी किंवा दारू घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. झटके थांबले तरी दवाखान्यात न्या, कारण डोक्याला मार किंवा साखर कमी होणे हेही कारण असू शकते. दोन ते चार दिवसांत बडबड, भास, ताप सुरू झाला तर जीवाला धोका असतो. थेट मोठ्या रुग्णालयात, आपल्याकडे अमरावतीच्या इर्विनला न्या.

पुढच्या ड्राय डेआधी

ड्राय डेची तारीख आधीच जाहीर होते. त्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रात ही औषधे हाताशी असावीत, आशाताईंनी रोज पिणाऱ्यांच्या घरी ही लक्षणे सांगून ठेवावीत. खर्च फारसा नाही. उपाय दुकान उघडे ठेवण्यात नाही, उपचार तयार ठेवण्यात आहे.

घरात असा माणूस असेल तर त्या तारखेची वाट न पाहता आजच त्याला डॉक्टरांकडे घेऊन या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत.