फुंकर मारलेली कॅसेट : कार्ट शर्यतीचा जुना खेळ हेही इतिहासाचे साधन

१.
ऐतिहासिक साधन म्हटले की मोडी कागद, ताम्रपट, नाणी आणि शिलालेख डोळ्यांसमोर येतात. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत अशा साधनांची वाण नाही. याच जिल्ह्यांतील घरांच्या माळ्यांवर मात्र एक साधन कोणत्याही नोंदीत न येता नष्ट होत आहे : १९९० च्या दशकातील टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याच्या कॅसेटी. त्या चालत्या स्थितीत जपणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे, असे माझे मत आहे. आजचा धागा त्याविषयी. उदाहरण घेऊ कार्ट शर्यतीच्या खेळाचे.

२.
प्रथम पार्श्वभूमी. निन्टेन्डो कंपनीने २७ ऑगस्ट १९९२ रोजी जपानमध्ये ‘सुपर फॅमिकॉम’ या १६-बिट यंत्रासाठी ‘सुपर मारिओ कार्ट’ हा खेळ आणला. आठ चालक, वीस मार्ग, प्रतिस्पर्ध्यावर फेकायची कासवाची कवचे आणि वाटेत टाकायची केळ्याची सालपटे. याच कंपनीच्या ‘एफ-झीरो’ या आधीच्या शर्यतीत एकालाच खेळता येई. दोघांना एकत्र खेळता यावे या हेतूने हा नवा खेळ रचला गेला. म्हणूनच खेळाडू एकटा असला तरी पडद्याचे दोन भाग होतातच.

३.
आपल्याकडे मात्र हे १६-बिट यंत्र फार थोड्या घरांत पोचले. उदारीकरणानंतरही आयात शुल्काचा बोजा मोठा होता. ‘सेगा’चे यंत्र १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात आले, तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. मध्यमवर्गीय घरांना परवडल्या त्या निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ८-बिट ‘फॅमिकॉम’च्या नकला. त्यांवर शर्यत म्हणजे ‘रोड फायटर’ आणि ‘एक्साइटबाइक’. कार्टची ओळख अनेकांना पुढे संगणकावर किंवा ‘प्लेस्टेशन’वर झाली.

४.
‘नकली माल कशाला जपायचा?’ हा पहिला आक्षेप. बखरींच्या नकला अभ्यासणाऱ्यांना तरी तो पडू नये. मूळ प्रत हरवली असता नक्कलच साधन ठरते. नकलाकाराने काय गाळले, काय घुसडले, यावरून त्याचा काळ कळतो. ‘९९९९९९९ खेळ’ असे छापलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तेच निराळ्या नावांनी आणि निराळ्या टप्प्यांपासून पुन्हा पुन्हा येत. आशियातला अनधिकृत व्यापार आणि भारतीय ग्राहकाची ऐपत, या दोन्हींचा तो पुरावा आहे. जपान-अमेरिकेत लिहिलेल्या व्हिडिओ गेमच्या इतिहासात आपले बालपण सापडत नाही. या नकलांत ते सापडते.

५.
आता मांडणी. जुने यंत्र हाती आले की लगेच प्लग लावू नये. जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आधी घ्यावा. दुसरी अडचण चित्राची. भारतातले दूरदर्शन पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारे. जपानचे एनटीएससी पद्धतीचे, सुमारे ६० वेळा रंगवणारे. जपानी यंत्र केवळ पाल पद्धत ओळखणाऱ्या जुन्या टीव्हीला जोडले, तर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वर-खाली सरकत राहते.

६.
या फरकाला ऐतिहासिक महत्त्व आहे. ६० च्या हिशेबाने रचलेला खेळ काही फेरबदल न करता ५० वर चालवला, तर तो सहाव्या हिश्श्याने मंदावतो. ‘सुपर मारिओ कार्ट’च्या विक्रमांच्या याद्याही या दोन पद्धतींसाठी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. म्हणजे खेळाचे नाव तेच असले, तरी दोन देशांतील मुलांच्या बोटांनी अनुभवलेला वेग वेगळा होता. ही गोष्ट खेळाच्या नावावरून किंवा खोक्यावरच्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी यंत्र, टीव्ही आणि कॅसेट एकत्र चालवून पाहावी लागते.

७.
खेळतानाही हेच जाणवते. वळणावर गाडी घसरवायची तर बटण नेमक्या क्षणी दाबावे लागते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बोट आणि चित्र यांत अंतर जवळजवळ नसते. आजच्या अनेक सपाट टीव्हींवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि गाडी गवतात जाते. दोष खेळाडूच्या कौशल्यात शोधला जातो, पण तो साधनात असतो. म्हणून भंगारात निघालेला एखादा चालू जुना टीव्ही दिसला, तर तोही ठेवून घ्यावा.

८.
जतनाविषयी. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हा आपल्या पिढीला वारशाने मिळालेला उपाय. प्रत्यक्षात उपयोग होतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याचा. फुंकरीतला ओलावा मात्र पिना गंजवतो. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी. कार्टच्या कॅसेटीत वेळेचे विक्रम टिकवण्यासाठी एक बटण सेल असतो. तो संपला की विक्रम पुसले जातात, आणि फुटला तर पट्टीच खराब होते. सेल बदलण्यापूर्वी साठवलेली माहिती उतरवून घ्यावी. एखाद्या घरातील दोन भावंडांचे विक्रम हेही एक प्रकारचे दप्तरच आहे.

९.
आपल्या भागात सर्वांत मोठा धोका पाण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या महापुरात सांगली नगर वाचनालयातील ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. त्या ग्रंथांसाठी समाज हळहळला आणि ते योग्यच होते. त्याच चिखलातून किती घरांतील टीव्ही, यंत्रे आणि कॅसेटी भंगारात गेल्या, याची यादी मात्र कोणी केली नाही. यादी नसलेल्या वस्तूचे नुकसानही नोंदले जात नाही.

१०.
ही जबाबदारी कोणाची? ग्रंथांसाठी १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. व्हिडिओ गेम त्या कायद्यात येत नाहीत. तेव्हा हे काम संग्राहकांनी आणि स्थानिक संस्थांनीच करायचे आहे. सातारा जिल्ह्यात त्याला पूर्वपीठिकाही आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात प्राचीन वस्तूंबरोबर त्यांच्या समकालीन कलावंतांच्या कृती आहेत. हेन्री मूर यांचे शिल्पही आहे. आपल्याच काळातील वस्तू संग्राह्य असू शकते, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

११.
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळाची प्रत संगणकावर एम्युलेटरने चालते, मग वस्तूचा सोस कशाला? डिजिटल प्रत हवीच. कॅसेट मेली तर तीच उरेल. पण छापील आवृत्ती निघाली म्हणून आपण हस्तलिखित रद्दीत घालत नाही. वस्तू काचेच्या कपाटात बंद ठेवणे हेही पुरेसे नाही. सांगली जिल्ह्यातच मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाजवणारे कलावंत आणि जवारी काढणारे कारागीर हयात आहेत म्हणून. जुन्या यंत्रालाही खेळणारा आणि डाग देणारा, असे दोघेही लागतात. टीव्ही दुरुस्त करणारी पिढी आता म्हातारी होत आहे. तिचे ज्ञान लिहून घ्यायला वेळ थोडा आहे.

१२.
म्हणून एक विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर असे यंत्र निघाले, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवा : ते कोणत्या साली व कोणत्या गावी घेतले, किंमत किती पडली, कोणते खेळ खेळले जात, दुरुस्ती कोणाकडे होई. यंत्राचे आणि कॅसेटींचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चालत असेल तर घरातल्या कोणाला तरी समोर बसवून एक शर्यत खेळा आणि त्यांना बोलते करा. नोंदी या धाग्याखाली टाकल्यात, तर सातारा-सांगलीपुरती पहिली यादी आपण मिळून तयार करू.