नोंद नाही म्हणजे बग नाही?

"डेटा कुठाय?"

गेल्या मंगळवारी डबा खाताना आमच्या टेबलावर हा प्रश्न आला आणि वाद संपला. म्हणजे विचारणाऱ्यापुरता संपला. विषय नेहमीचाच. धर्म, जात, प्रांत बघून माणसांवर जे हल्ले होतात ते खरंच वाढलेत, की नुसता चॅनलवाल्यांचा आरडाओरडा आहे? माझा मित्र हुशार आहे, डेटाबेसमधला आमचा दादा माणूस, आणि मुख्य म्हणजे सज्जन आहे. पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "तू चार बातम्या सांगशील, मी उलट्या चार सांगेन. सरकारी आकडा दाखव, मग बोलू."

माझ्याकडे आकडा नव्हता. काल सकाळी शोधायला बसलो, अख्खा शनिवार त्यातच गेला. आता रविवारची संध्याकाळ आहे, बायको "अजून किती वेळ?" म्हणून दोनदा डोकावून गेलीय आणि मी वैतागून लिहितोय. तेव्हा सूर जरा चढा लागला तर समजून घ्या.

तर मंडळी, आकडा नाही. आणि नाही म्हणजे शून्य नाही, नल आहे. हा फरक आमच्या धंद्यात कॉलेजातून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. रिपोर्टात नलच्या जागी शून्य छापणाऱ्याला आम्ही रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. इथे मात्र आपण सगळे सुशिक्षित लोक वर्षानुवर्षं नल वाचतोय आणि शून्य म्हणतोय.

देशातल्या गुन्ह्यांची मोजदाद एनसीआरबी करतं. त्यांचा 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल १९५३ पासून निघतो आणि त्यात काय नसतं? वाहनचोरी असते, फसवणूक असते, हुंडाबळी असतात. २०१७ सालासाठी त्यांनी राज्यांकडून काही नव्या रकान्यांखाली माहिती मागवली: झुंडबळी, हेट क्राइम, गोरक्षकांनी केलेली मारहाण वगैरे. माहिती आली. तो अहवाल रखडत रखडत ऑक्टोबर २०१९ मध्ये बाहेर पडला, तर हे रकाने गायब. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी संसदेत कारण सांगितलं. या गुन्ह्यांची व्याख्याच नसल्यामुळे गोळा झालेली माहिती विश्वासार्ह नव्हती, म्हणून ते काम थांबवलं.

आता माहिती कच्ची असणार हे मला पटतं. व्याख्या न देता छत्तीस ठिकाणांहून आकडे मागवले की छत्तीस प्रकारचे आकडे येणारच. पण मग माणूस काय करतो? व्याख्या लिहितो आणि पुन्हा मागवतो. "फॉर्म नीट भरले जात नाहीत, सबब फॉर्मच काढून टाकला आहे" असं उत्तर मी माझ्या क्लायंटला दिलं तर दुसऱ्या दिवशी मी नोकरी डॉट कॉमवर असेन.

व्याख्या करायची कोणी? सरकारनेच ना!

यात अजून एक गंमत आहे (गंमत कसली, पण असो). एनसीआरबी एका एफआयआरमधला एकच गुन्हा मोजतं, सगळ्यात जड शिक्षेचा. प्रिन्सिपल ऑफेन्स रूल म्हणतात त्याला. म्हणजे एफआयआरमध्ये खून आणि धार्मिक तेढ वाढवणं अशी दोन्ही कलमं लागली, तर मोजणीत खून राहतो आणि तेढ गळून पडते. थोडक्यात, गुन्हा जितका भयंकर तितकं त्याचं कारण नोंदीतून नाहीसं होण्याची शक्यता जास्त. स्कीमा डिझाइन करणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं नाही, जुना नियम आहे आणि दुबार मोजणी टाळायला तो ठीकही आहे. पण शेजारी एक वेगळा रकाना ठेवायला कोणी अडवलंय? पोलीस ठाणी जोडणारं सीसीटीएनएस २००९ पासून उभारलं जातंय, एफआयआर त्यातच नोंदवली जाते. एक फ्लॅग वाढवायचा आहे हो, चंद्रावर जायचं नाही. तिकडे तर आपण जाऊनही आलो.

"दंगलींचा आकडा असतो की" असं कोणीतरी म्हणेल. असतो. धार्मिक दंगलीचे गुन्हे २०२० मध्ये ८५७ आणि २०२१ मध्ये ३७८. पण दंगल म्हणजे दंगल. नमाजाहून घरी निघालेल्या एकट्या माणसाला रस्त्यात गाठून मारलं तर तो या आकड्यात येईलच असं नाही.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. २ जून २०१४, सोमवार, हडपसर. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फिरली म्हणून दोन-तीन दिवस पुण्यात तणाव होता. मी त्या वेळी हडपसरलाच कामाला होतो. दुपारी एचआरचा मेल आला, लवकर निघा, आणि आम्ही सगळे खुशीत लवकर निघालो. त्या रात्री नमाजाहून परतणाऱ्या, दाढी आणि टोपी असलेल्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. तोही आपल्यातलाच, पुण्यात आयटीत काम करणारा. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पुढचं नीट वाचा. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन आरोपींना जामीन दिला. आदेशात म्हटलं होतं की मृताशी आरोपींचं वैयक्तिक वैर नव्हतं, त्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून जामिनावर पुन्हा सुनावणी घ्यायला सांगितलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

निकालावर मी बोलत नाही. पुरावा पुरला नाही तर सोडलंच पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. कोणी मारलं हे सिद्ध झालं नाही, पण का मारलं हे खुद्द न्यायालयाच्या कागदावर आलं होतं, आणि ते 'का' टाकायला देशाच्या मोजणीत खणच नाही. २०१४ च्या अहवालात तो एक खून आहे, त्या वर्षीच्या हजारो खुनांपैकी एक. भाऊबंदकीतल्या खुनाशेजारी.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून बघा. २२ फेब्रुवारी २०१७, ओलेथा, कॅन्सस. मित्राबरोबर बारमध्ये बसलेल्या एका हैदराबादच्या इंजिनियरला "माझ्या देशातून निघून जा" असं ओरडत एका गोऱ्याने गोळ्या घातल्या. मारेकऱ्याला ते दोघे इराणी वाटले होते. त्याने हेट क्राइमचा गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये त्याला फेडरल कोर्टाने जन्मठेपा सुनावल्या. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. "हेट क्राइम" हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता आणि कोणीही डेटा मागितला नाही. ऑनसाइटला आपण अल्पसंख्याक असतो ना, तेव्हा हे सगळं पटकन समजतं.

अमेरिकेत यासाठी १९९० पासून कायदा आहे. जागेवर गेलेला पोलीस फक्त संशय नोंदवतो आणि प्रशिक्षण घेतलेला दुसरा अधिकारी तपासून ठरवतो, अशी एफबीआयची दुहेरी पद्धत आहे. २०१५ पासून त्यांच्या यादीत शीखविरोधी आणि हिंदूविरोधी असे वेगळे रकाने आहेत, आणि ते कोणाच्या मागणीवरून आले? तिथल्या शीख आणि हिंदू संघटनांच्या! न्यू जर्सीतल्या आपल्या आतेभावाला जो रकाना हक्काचा वाटतो, तोच इथे मागितला की देशाची बदनामी कशी होते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

अमेरिकेची पद्धत फार थोर आहे असं नाही. तिथे माहिती देणं पोलिसांवर बंधनकारक नाही, त्यामुळे ती भरपूर गळते. तुल्सामध्ये २०१६ साली शेजाऱ्याने मारलेला एक लेबनीज वंशाचा माणूस आणि शार्लट्सव्हिलमध्ये २०१७ साली गाडीखाली चिरडलेली तरुणी, दोघांची नोंद एफबीआयच्या आकड्यांत नव्हती, खटल्यांत द्वेषाचा गुन्हा सिद्ध होऊनसुद्धा. हे उघड झाल्यावर त्यांनी मोजणी बंद नाही केली. २०२१ मध्ये त्या दोघांच्या नावाने नोंदी सुधारणारा कायदा केला. बग सापडला, पॅच आला.

आपल्याकडे काय आलं? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आहे, फाशी किंवा जन्मठेप. चांगली गोष्ट आहे. कारणांची यादी वाचा: वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारण. 'धर्म' हा शब्द नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात जो शब्द पहिला येतो, तो इथे 'तत्सम' मध्ये शोधायचा. ज्याने हा ड्राफ्ट लिहिला त्याला तो शब्द सुचला नसेल यावर माझा विश्वास नाही.

मित्राचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. "मग हिंदूंचं काय?" अरे, त्यांचंही मोजा की! ऑक्टोबर २०२१ मध्ये श्रीनगरच्या शाळेत शीख मुख्याध्यापिका आणि हिंदू शिक्षकाला गोळ्या घातल्या, त्याचीही नोंद याच रकान्यात झाली पाहिजे. आणि नोंदीने उलटंही सिद्ध होतं. एप्रिल २०२० मध्ये पालघरजवळ गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावाने ठेचून मारलं. रात्रभरात व्हॉट्सअ‍ॅपवर मारेकऱ्यांचा धर्म ठरला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. मंत्र्याने सोशल मीडियावर यादी टाकायची, ही आपली व्हेरिफिकेशन सिस्टिम.

सगळं सोपं आहे असा दावा नाही माझा. धुळ्याचं राईनपाडा आठवतंय? १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ही अफवा की द्वेष? भटक्यांना चोर समजायची सवय इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यापासून आपल्या हाडीमाशी मुरली आहे, पण त्या जमावातल्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच होतं का? मला नाही ठरवता येत. म्हणूनच 'संशय' आणि 'खात्री' असे दोन टप्पे लागतात, आणि ठरवायला शिकलेला माणूस लागतो.

मोजलं की काय होतं त्याचं घरचंच उदाहरण आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. त्यामुळे अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांचा आकडा दरवर्षी छापला जातो: २०२१ मध्ये ५०,९००, २०२२ मध्ये ५७,५८२. त्यावर लोक कडाकडा भांडतात, कोणी म्हणतं गैरवापर, कोणी म्हणतं निम्मे गुन्हे नोंदवलेच जात नाहीत. भांडू देत. पण समोर आकडा ठेवून भांडतात.

सरकार मोजत नाही म्हणून इतरांनी मोजून पाहिलं. 'हिंदुस्तान टाइम्स'ने २०१७ मध्ये हेट ट्रॅकर सुरू केला, त्याच वर्षी बंद झाला. 'इंडियास्पेंड'वाल्यांचं हेट क्राइम वॉच ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उतरवलं गेलं. दोन्हींवर आरोप एकच, हे पक्षपाती आहेत. बातम्यांवरून केलेल्या मोजणीत उणिवा असणारच, त्यांच्याही होत्या. पण सरकारी आकडा नाही म्हणून खाजगी खोटा, आणि खाजगी खोटा म्हणून सरकारी नको, हे लूप लिहिलंय कोणी?

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला झुंडबळींच्या खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं होतं. मित्राला उद्या जेवताना विचारणार आहे, पुण्यात तो कोण आहे माहितीय का. मलाही काल शोधावंच लागलं, आणि नाव अजून सापडलेलं नाही.