पाठ्यपुस्तक तेच, शाळा वेगळी

एप्रिलमध्ये महाराष्ट्रातली मुले वार्षिक परीक्षा कधी संपते याची वाट पाहत असतात, तेव्हा दुबई, शारजा आणि अबुधाबीतल्या भारतीय शाळांत नव्या वह्यांना कव्हरे चढलेली असतात. त्याच शहरांतल्या ब्रिटिश आणि अमेरिकी शाळांचे नवे वर्ष ऑगस्ट सरताना सुरू होते. त्यामुळे सकाळी एकाच लिफ्टमधून उतरणाऱ्या दोन मुलांपैकी एक नुकताच सातवीत गेलेला असतो, तर दुसरा ‘इयर एट’च्या शेवटच्या सत्रात असतो, वयाने दोघे जवळपास सारखेच. खाली बसची वाट पाहत उभ्या असलेल्या त्यांच्या आयांचे बोलणे फी किती वाढली, गणित कुणाचे पुढे गेले आहे, अरबी कुणाला जड जाते, या वळणाने जाते. नवे मराठी कुटुंब आले आणि शाळा कोणती घ्यावी असे त्याने विचारले, की जुने लोक आधी उलट विचारतात, ‘परत कधी जाणार?’ अकरावी-बारावीला पुण्यात यायचे असेल, जेईई-नीट द्यायची असेल, तर सीबीएसई. नाहीतर मग खिशाला झेपेल ते.

या आया करतात ते विद्यापीठांतल्या तौलनिक शिक्षणाचेच काम आहे, फक्त त्यांना पदवी मिळत नाही. पॅरिसच्या मार्क-आंत्वान ज्युलियाँने १८१७ साली युरोपातल्या देशांकडून शाळांविषयी एकाच प्रश्नावलीची उत्तरे मागवून ती शेजारी-शेजारी मांडण्याची योजना छापली, तिथून या विषयाची सुरुवात मोजतात. १९०० मध्ये मायकेल सॅडलर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने गिल्डफर्डच्या व्याख्यानात विचारले, की परक्या देशाची शिक्षणपद्धती अभ्यासून व्यवहारात उपयोगी असे हाती काय लागते? शाळेच्या आत जे दिसते त्याहून शाळेबाहेर जे आहे ते अधिक महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे होते. हेच सॅडलर पुढे १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष होऊन भारतात आले. आंतरराष्ट्रीय शिक्षण ही याच विषयाची कामाला जुंपलेली बहीण. परदेशी मदत, युनेस्कोचे कार्यक्रम, सीमेपलीकडे जाणारी मुले आणि शिक्षक हे तिचे क्षेत्र. एकीने समजून घ्यायचे आणि दुसरीने करून पाहायचे, अशी ढोबळ वाटणी. प्रत्यक्षात दोघींची सरमिसळ कायमचीच.

ही सरमिसळ पाहायला अमिरातीसारखी जागा नाही. दुबईतले इंडियन हायस्कूल १९६१ चे, म्हणजे ज्या देशात ते आहे त्या देशाहून दहा वर्षांनी मोठे. अमिरातीच्या आधीच्या काळात तिथल्या अरबी शाळांना शिक्षक आणि पुस्तके कुवेत-इजिप्तकडून येत. आज एकट्या दुबईत दोनशेहून अधिक खासगी शाळा आणि डझनाहून अधिक अभ्यासक्रम आहेत. त्यांतली साधारण पाव मुले भारतीय अभ्यासक्रमाची. २००६ मध्ये स्थापन झालेले तिथले शिक्षण प्राधिकरण दोन वर्षांत शाळा तपासू लागले. शाळेला ‘उत्कृष्ट’पासून ‘कमकुवत’पर्यंत शेरा मिळाला आणि फी किती वाढवता येईल तेही त्या शेऱ्याला बांधले गेले. २०२४-२५ मध्ये सरसकट तपासणी थांबवली गेली, तरी आधीचे अहवाल कुणीही वाचावेत असे आहेत. त्यांत शाळेला एकच गुण देऊन मोकळे होत नाहीत. बालवर्ग, प्राथमिक, माध्यमिक असे टप्पे पाडून गणित, विज्ञान, इंग्रजी आणि ज्यांची ती मातृभाषा नाही अशांसाठीची अरबी यांचा वेगवेगळा शेरा असतो. एखाद्या नावाजलेल्या शाळेचेही अरबीच्या रकान्यात पितळ उघडे पडू शकते.

याहून मोठी तुलना पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेची. ओईसीडी ही संस्था २००० पासून पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचन, गणित आणि विज्ञान तपासते. अमिरातीने या परीक्षेत पहिल्या वीस देशांत येण्याचे उद्दिष्ट २०२१ साठी जाहीर केले होते. ते साधले नाही. २०२२ च्या फेरीत देशाला गणितात ४३१ गुण मिळाले, ओईसीडीची सरासरी ४७२ होती. दुबईचा आकडा मात्र देशाच्या बराच वर आहे. कारण सॅडलरने सांगितले तेच, शाळेबाहेरचे. जगात बहुतेक ठिकाणी स्थलांतरितांची मुले स्थानिक मुलांच्या मागे असतात, अमिरातीत नेमके उलटे. तिथे बाहेरून आलेल्यांची संख्या मोठी, त्यांतले बरेच जण शिकलेले, नोकरीच्या व्हिसावर आलेले, आणि पोराच्या शाळेसाठी पगाराचा मोठा वाटा मोजणारे. हे न पाहता ‘दुबई मॉडेल’ म्हणणे म्हणजे पालकांची कमाई शिक्षकांच्या खात्यावर जमा करणे.

आता आपल्याला टोचेल अशी गोष्ट. दुबईतल्या सीबीएसई शाळेतली मराठी मुलगी पिसाला बसू शकते, साताऱ्यातल्या सीबीएसई शाळेतली तिची मावसबहीण बसू शकत नाही. मंडळ एक, पुस्तके एक, दहावीचा पेपरही त्याच मंडळाचा. भारताने एकदाच, २००९ च्या वाढीव फेरीत, तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश यांना बसवले. डिसेंबर २०११ मध्ये निकाल आला तेव्हा ७४ सहभागींत या दोन राज्यांच्या खाली फक्त किर्गिझस्तान होते. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळत नाहीत, असे सांगून सरकारने पाठ फिरवली. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. पण तो टाळाटाळीला सोयीचा ठरला, हेही खरे.

आणि आपण मोजायला घाबरणारे लोक नव्हेत. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला लावला. ‘असर’ नावाच्या या पाहणीची साधी पद्धत पुढे केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ नावाने गेली. तिथल्या भाषा वेगळ्या, गावे वेगळी, म्हणून साधने तिथल्या तिथे नव्याने घडवावी लागली. मुंबईचा उतारा तिकडे तसाच नेता आला नसता.

महाराष्ट्राला हे आज ऐकवण्याचे कारण आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने ‘सीबीएसई पॅटर्न’ आणण्याचे जाहीर केले. पाठोपाठ वाद पेटला तो वेळापत्रक, उन्हाळा, हिंदी आणि राज्य मंडळाची अस्मिता यांवर. दुबईचा दाखला देणारेही भेटतात. तिथे पोरे पहिलीपासून अरबी शिकतात, मग इथे तिसऱ्या भाषेला विरोध कशाला? खासगी शाळेत अरब नसलेल्या मुलालाही नववीपर्यंत अरबी घ्यावी लागते, हे खरे. पण तिच्यासाठी वेगळा शिक्षक असतो आणि तपासनीस त्या तासाचा हिशेब मागत आले आहेत. आपल्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग जोडून शिकवणाऱ्या गुरुजींच्या गळ्यात आणखी एक भाषा अडकवताना हा हिशेब कुणी मागितल्याचे दिसले नाही. आपण पाहून आलेल्या घरातली खुर्ची उचलून आणतो, जमीन सपाट आहे का ते पाहत नाही.

उसनवारी कशी करावी याचे आपल्याकडचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. येत्या १८ एप्रिलला त्यांची जयंती. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली होती. आधी ती बाजूलाच पडली. १९१५ च्या अखेरीस मुंबईतल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा वाचली आणि पुढच्याच वर्षी महिला विद्यापीठ सुरू केले. स्त्रियांसाठी स्वतंत्र संस्था आणि स्वभाषेतून उच्च शिक्षण, हे त्यांनी जपानकडे पाहून घेतले. इंग्रजी मात्र विषय म्हणून ठेवली, कारण ती टाळणे इथल्या मुलींना परवडणारे नव्हते. गृहजीवनाला धरून स्त्रियांचा अभ्यासक्रम आखण्याची कल्पनाही त्याच पुस्तिकेसोबत आली, आणि तिच्यावरची टीका आजही रास्त वाटते. आपले प्रयोजन ठाऊक असलेल्या माणसाच्या उसनवारीतही जुने सामान येतेच.

आमच्या शिक्षणशास्त्र विभागांनी एवढे तरी करावे. दुबईतल्या आणि पुणे-सातारा-लातूरमधल्या सीबीएसई शाळांचा सातवीचा गणिताचा एकच धडा घ्यावा. वर्गात किती मुले, शिक्षकाचा पगार किती आणि तो किती वर्षे टिकतो, घरी कोणती भाषा, शिकवणी कुणाला, तपासणीला कोण आणि कधी येते, हे सारे दोन्हीकडे तपासावे. पुण्याच्या सिम्बायोसिसचे संकुल दुबईत उभे आहे, आयआयटी दिल्लीचे अबुधाबीत. मनुष्यबळ आणि ओळखी या पाण्यापलीकडे पोहोचलेल्या आहेत. राज्याने पिसात उतरायचे की नाही ते मंत्रालय ठरवील. हा अभ्यास करायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.