ट्रॉलीचे वेल्डिंग : दांड्याच्या सांध्यात काटकसर नको

ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉलीच्या डागडुजीची घाई सुरू होते. काही शेतकरी बंधू वेल्डिंगचे लहान यंत्र घेऊन हे काम घरीच करतात. हे स्वावलंबन स्तुत्य आहे. परंतु हाती येईल त्या रॉडने सर्व सांधे जोडण्याची प्रवृत्ती घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रॉलीचे सर्व सांधे सारख्या जोखमीचे नसतात. फाळक्याचा सांधा सुटला तर माल सांडेल. दांड्याचा सांधा सुटला तर भरलेली ट्रॉली मोकाट धावेल आणि रस्त्यावरील माणसांच्या जिवावर बेतेल. रॉडची निवड या भेदावरून व्हावी.

दुकानात सर्रास मिळतो तो ६०१३ क्रमांकाचा रॉड. पहिले ६० म्हणजे जोडाच्या धातूची ताणशक्ती दर चौरस इंचास किमान ६०,००० पौंड. हा रॉड सहज पेटतो, त्याची खपलीही सहज निघते. मात्र तो फार खोल भिनत नाही. हौद्याचा पत्रा व फाळके यांस तो उत्तम. दांडा, चासीचे जाड चॅनल व जोखमीचे इतर सांधे यांसाठी ७०१८ क्रमांकाचा रॉड घ्यावा. त्याचा जोड अधिक चिवट असतो.

परंतु ७०१८ ला ओल सोसत नाही. ओलाव्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, आणि जाड वा कठीण पोलादात जोड थंड झाल्यावर, कधी एक-दोन दिवसांनीही, तडा जातो. पाकीट फोडून पावसाळाभर आढ्याला खोचून ठेवलेला रॉड अशा कामास वापरू नये. त्यास उन्हात वाळविणे पुरेसे नाही; पाकिटावर सांगितलेल्या तापमानास भट्टीतच तो भाजावा लागतो. शिवाय प्रत्येक साध्या यंत्रावर हा रॉड नीट चालत नाही. म्हणून तो आधी टाकाऊ तुकड्यावर चालवून पाहावा.

चांगला रॉडही वाईट तयारीला वाचवीत नाही. गंज, रंग व ग्रीस काढून लोखंड चकचकीत करावे. जाड पट्टीच्या कडा तिरप्या तासाव्यात. आधी ठिपके देऊन काटकोन तपासावा. रॉडचे टोक कामाच्या निकट ठेवावे आणि प्रत्येक थराची खपली काढल्यावाचून दुसरा थर देऊ नये. गरम जोडावर पाणी ओतू नये. स्प्रिंगचे पाटे व ॲक्सल मात्र वेल्डिंगने कधीही सांधू नयेत. ते कठीण पोलाद जोडालगत ठिसूळ होते. ते बदलावेत.

आपला हात तयार झाला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. दोन जाड तुकडे काटकोनात, एकाच बाजूने जोडावेत आणि थंड झाल्यावर हातोड्याने जोडावर वाकवून मोडावेत. आत खपली वा पोकळी दिसली, तर तो हात अद्याप दांड्यावर ठेवू नये. ते काम अनुभवी कारागिराकडे द्यावे.

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये ट्रेलर हेही वाहनच आहे. म्हणून नवी ट्रॉली बांधण्यापूर्वी नोंदणीची चौकशी करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस राखून, गावातील ट्रॉल्यांचे दांडे मालकांसह तपासावेत. रॉडच्या एका पाकिटाची बचत माणसाच्या प्राणापेक्षा मोठी नाही.