खाली जायचं तर मैदानावरून जाऊ, अर्जावर सह्या करून वर राहायचं नाही

समस्त पेठकर, तालमीचे आजी-माजी खेळाडू, आणि गॅलरीत बसून घसा फोडून घेणारे सगळे, यांस जाहीर पत्रक

दोन मॅच उरल्यात. तळाला राहील तो खालच्या डिव्हिजनला जाणार, आणि आज तळाच्या आसपास आपणच आहोत. पंधरा दिवस झाले, पेठेत दुसरा विषय नाही. चहाच्या गाड्यावर पाठकोऱ्या बिलांवर गणितं चाललीत. "त्यांनी यांना बरोबरीत धरलं, ते तिसरे हरले, आणि आपण दोन गोलनं मारलं, तर गोलफरकावर..." दहावीला गणितात दोनदा आपटलेले आमचे मित्र आता सहा संघांचे गोलफरक तोंडपाठ सांगतात. एरवी शत्रू असलेल्या तालमीच्या विजयासाठी अंबाबाईला नारळ बोललेली माणसंही या पेठेत आहेत. मीही त्यातलाच, लाज कशाची!

ही काळजी खरी आहे आणि तिला कोणी हसू नये. ज्याला संघ खाली जायची भीती वाटत नाही त्याचा संघच नाही.

पण हे पत्रक त्या काळजीबद्दल नाही. पेठेत सध्या एक कागद फिरतोय, त्याबद्दल आहे. कागदावर लिहिलंय की यंदाचा हंगाम विस्कळीत झाला, खेळाडू जखमी झाले, परीक्षा मध्येच आल्या, संघाला मोठी परंपरा आहे, सबब यंदापुरतं रेलिगेशन रद्द करावं. खाली सह्यांसाठी रकाने. माझ्या दारात दोघे आले होते, चांगली पोरं आहेत. मी सही केली नाही. का केली नाही ते चारचौघांत सांगावं म्हणून हा खटाटोप.

आधी आपलं बघू. पाऊस काय फक्त आपल्या अर्ध्या मैदानात पडला? परीक्षा बाकीच्या तालमीतल्या पोरांना नव्हत्या? आपण का हरलो हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हंगामाच्या तोंडावर वर्गणी काढून बाहेरचे खेळाडू आणले, आणि लहानपणापासून इथल्या गल्लीत चेंडू मारत वाढलेली पोरं बाकावर बसवली. सकाळच्या सरावाला अर्धा संघ येत नव्हता, तेव्हा बोलायची कोणाची छाती झाली नाही. यातलं एकही कारण त्या कागदावर नाही.

"मोठ्या संघांना सगळीकडेच सांभाळून घेतात" असं एकानं मला ऐकवलं. खरं आहे, घेतात. त्याचं पुढं काय होतं तेही ऐका.

लांब नको, पुण्याला जाऊ. 2014-15च्या आय-लीगमध्ये पुण्याची भारत एफसी थेट प्रवेश घेऊन आली होती. थेट प्रवेशवाल्यांना रेलिगेशन लागू नाही असा नियम. संघ तळाला राहिला. खाली कोण गेलं? त्यांच्या एक पायरी वर असलेला गोव्याचा धेंपो. पाच वेळा देशाची लीग जिंकलेला धेंपो! शेवटचा जागेवर आणि शेवटून दुसरा बाहेर, असला न्याय आपल्या खासबागेत कोणी केला असता तर लोकांनी पंचाला आखाड्यातून घरी जाऊ दिलं नसतं. पुढच्याच वर्षी तोच खेळ पुन्हा. पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स थेट प्रवेशानं आला, तळाला राहिला, वाचला. आणि आठव्या क्रमांकावरचा मिझोरामचा ऐझॉल खाली ढकलला गेला.

इथं सह्यावाले म्हणतील, ऐझॉललाही नंतर परत घेतलंच की! घेतलं. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा हे 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. देशातली वरची लीग कुणालाही खाली न ढकलणारी आणि खालून कुणाला वर न घेणारी होणार, या बेताविरुद्ध त्यांचं ते भांडण होतं. त्या गोंधळात जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला बोलावणं आलं. पण ऐझॉलचं गाऱ्हाणं आणि आपला कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेवटच्याला सोडून आम्हाला का ढकलता, हे ते विचारत होते. आपल्या कागदाचा अर्थ एवढाच, की आम्ही शेवटचे आलो तरी आम्हाला ढकलू नका. आणि परत आलेल्या ऐझॉलनं 2017 मध्ये तीच आय-लीग जिंकली. ईशान्येकडच्या संघानं मिळवलेलं ते पहिलं विजेतेपद. प्रशिक्षक होते खालिद जमील, अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळलेले. ज्या हंगामात त्यांनी ऐझॉलला विजेता केलं, त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरली.

संरक्षण मिळालेले ते दोन पुणेकर संघ आज कुठं आहेत? भारत एफसी एकाच हंगामात बंद पडली. डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये मिटला. बंद पडण्यामागं पैशाची कारणं होती, नियमाची नव्हे, हे मी मान्य करतो. पण नियमानं वाचवलं म्हणून ते जगले नाहीत एवढं तरी दिसतंच. खाली ढकलला गेलेला धेंपो मात्र 2024-25 मध्ये खालून चढत पुन्हा आय-लीगमध्ये आला.

आता जरा लांब जाऊ, कारण याहून मोठा धडा अर्जेंटिनात आहे आणि आपल्या पेठेत वर्ल्डकपला निळे-पांढरे झेंडे लावणारे कमी नाहीत. 1981 मध्ये तिथला सान लोरेन्सो हा थोरला संघ खाली गेला आणि सगळ्या थोरल्यांच्या पोटात गोळा आला. 1983 पासून नवा नियम: एका हंगामाचे गुण बघायचे नाहीत, मागच्या काही हंगामांची सरासरी काढायची. म्हणजे मोठ्या संघाचं एक वर्ष वाईट गेलं तरी जुन्या पुण्याईवर निभावेल. त्याच वर्षी ब्युनोस आयर्सचा रिव्हर प्लेट तळातून दुसरा आला. जुन्या नियमानं गेलाच असता. सरासरीनं वाचला.

आणि मग बघा. 2008 मध्ये रिव्हरनं अर्ध्या वर्षाची स्पर्धा जिंकली, आणि लगेच पुढच्या अर्ध्या वर्षात सगळ्यात शेवटी आला. त्या वाईट दिवसांचं ओझं सरासरीत साठत गेलं. 2011 उजाडेपर्यंत संघ जरा सावरला होता, पण सरासरी सावरेना. वाचवायला आणलेल्या नियमानंच मानगूट धरली. खालच्या गटातल्या बेलग्रानोशी दोन मॅचचा फैसला लागला. पहिली 0-2 हरले, 26 जून 2011 ला स्वतःच्या मैदानावर 1-1 झाली, आणि 110 वर्षांत पहिल्यांदा रिव्हर खाली गेला. समर्थकांनी स्वतःचंच स्टेडियम फोडलं. नव्वद मिनिटंसुद्धा पुरी खेळता आली नाहीत.

तो रिव्हर एका वर्षात खालची स्पर्धा जिंकून परत आला. त्यांचे जुने खेळाडू कावेनागी आणि दोमिंगेझ संघ खाली गेल्यावर मुद्दाम परतले होते, खालच्या गटात खेळायला. 2015 मध्ये दक्षिण अमेरिकेचा लिबर्टाडोरेस चषक त्यांनी जिंकला, 2018 मध्ये पुन्हा, तोही कट्टर वैरी बोकाला फायनलमध्ये हरवून. खाली गेल्यावर माणसं परत येतात ती अशी. आपल्या तालमीत खेळून दुसऱ्या तालमीकडं गेलेली दोन-चार पोरं आहेत, हे त्यांनीही वाचावं.

दुसरी कुजबुज त्या कागदाहून वाईट आहे, म्हणून थोडक्यात. "शेवटची मॅच ओळखीची आहे, बोलून घेऊ." बोलून काय घेणार? 1982 च्या वर्ल्डकपमध्ये, 25 जूनला गिहोनमध्ये पश्चिम जर्मनीनं ऑस्ट्रियाला 1-0 नं हरवलं. एवढ्या निकालावर दोघेही पुढं जात होते, म्हणून गोल झाल्यावर उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू नुसता इकडून तिकडं घोळवत बसले आणि अल्जीरिया घरी गेला. चाळीस वर्षं उलटली तरी ती मॅच लोक थुंकूनच आठवतात. आपल्या शहरात तर ज्याचा हक्क मारला जाईल तो शेजारच्याच पेठेत राहतो, रोज दूध कट्ट्यावर भेटतो.

राहिला गॅलरीचा प्रश्न. मागच्या मॅचला आपल्या गोलकीपरला त्याच्या आईवरून शिव्या आपल्याच लोकांनी दिल्या. पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. त्याची आई पेठेतच राहते, आणि शिव्या देणाऱ्यांतले निम्मे तिच्या हातचं जेवलेत. बाटली फेकली तीही आपल्याच बाजूनं. समोरच्या समर्थकांशी मारामारी करून मॅच थांबवायची आणि मग हंगाम विस्कळीत झाला म्हणून अर्ज करायचा! हे कोणत्या तोंडानं?

खाली गेलो तर काय होईल? वर्गणी कमी होईल. एक-दोन खेळाडू दुसरीकडं जातील. शाहू स्टेडियमवर दुपारच्या उन्हात, रिकाम्या गॅलरीसमोर खेळावं लागेल. समोरची पेठ वर्षभर डिवचेल, लग्नात, बारशात, मयताला सुद्धा. हे सगळं मला ठाऊक आहे आणि विचार करूनच पोटात ढवळतं. तरी ज्या तालमीत कुस्ती शिकवली गेली, त्या तालमीनं पाठ लागल्यावर "ही कुस्ती धरू नका" म्हणायचं नसतं.

तेव्हा सह्यांचा कागद घेऊन कोणी दारात आलं तर भांडू नका, चहा द्या आणि हे पत्रक हातात ठेवा. ज्यांनी आधीच सही केलीय त्यांनी तालमीत येऊन आपलं नाव खोडावं, कोणी काही बोलणार नाही. सराव रोज सकाळी सहाला आहे. खेळाडूंपेक्षा बघे जास्त आले तर चालेल, पण यावं. रविवारची मॅच चारला. तालमीसमोरून तीनला चालत निघायचं, ताशा आहे, फटाके आणि बाटल्या नाहीत. गोलकीपरची आई यंदा पहिल्यांदाच मॅच बघायला येणार आहे. तिच्यासाठी पहिल्या रांगेत जागा सोडा.

पेठेतला एक जुना समर्थक
(एकेकाळचा लेफ्ट बॅक, बहुतेक वेळ बाकावर)