ईश्वरी कृपेचे खरेदीखत

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षे पूर्ण होतात. अशा प्रसंगी राष्ट्रे स्वतःविषयीच्या दंतकथा नव्याने घासूनपुसून लखलखीत करीत असतात. अमेरिकेची आवडती दंतकथा अशी की, हे राष्ट्र माणसांनी स्थापिलेले नसून प्रत्यक्ष परमेश्वराने आपल्या विशेष योजनेनुसार ते घडविले. पीटर मार्शल व डेव्हिड मॅन्युएल या लेखकद्वयाचे ‘द लाइट अँड द ग्लोरी’ हे १९७७ साली निघालेले पुस्तक कोलंबसाच्या सफरीपासून पुढचा सारा इतिहास याच सूत्रात ओवते, आणि ख्रिस्ती शाळांतून ते आवडीने वाचले गेले आहे. प्यू संशोधन केंद्राने २०२२ साली केलेल्या पाहणीत दहापैकी सहा प्रौढ अमेरिकनांनी असे मत दिले की, राष्ट्रसंस्थापकांना ख्रिस्ती राष्ट्रच अभिप्रेत होते. राज्यस्थापनेमागे ईश्वरी संकेत पाहण्याची प्रवृत्ती ही काही एकट्या ख्रिस्ती धर्माची मिरास नव्हे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. परंतु अमेरिकेइतके लष्करी, आर्थिक व राजकीय सामर्थ्य या समजुतीच्या पाठीशी आज अन्यत्र कोठेही उभे नाही.

ईश्वर आहे की नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न हिशेबाचा आहे. ज्या ज्या वेळी राष्ट्राच्या जन्माशी ईश्वरी योजनेचे नाव जोडले गेले, त्या त्या वेळी कोणत्या मालमत्तेच्या व्यवहारावर ते नाव मोहोर म्हणून उमटले, एवढेच तपासावयाचे आहे.

आरंभ जमिनीपासून करावा. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांची गावेच्या गावे निर्मनुष्य झाली. १६२० साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने न्यू इंग्लंडसाठी जी सनद दिली, तिच्यात या साथीचा उल्लेख आहे. पण तो शोकाच्या नव्हे, कृतज्ञतेच्या स्वरात आहे. ओसाड पडलेली ही भूमी आपल्या प्रजेच्या हाती यावी अशीच परमेश्वराची इच्छा दिसते, हा त्याचा आशय. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या यात्रेकरूंनी प्लिमथची वस्ती जेथे उभारली ते पटक्सेट नावाचे गाव त्याच साथीत नष्ट झालेले होते. झाडी तोडून साफ केलेली शेते तयारच होती. कसणारे तेवढे मेलेले होते. पुढे १६३४ साली देवीच्या साथीने पुन्हा संहार केला, तेव्हा मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा पुढारी जॉन विंथ्रॉप याने एका पत्रात समाधानाने लिहिले की, येथील लोक जवळजवळ सर्व मेले असून आपल्या मालकीहक्कातील अडथळा प्रभूनेच दूर केला आहे. विंथ्रॉप पेशाने वकील होता आणि त्याने शब्दही वकिलाचाच वापरला. परमेश्वराने जणू तलाठ्याचे काम केले: जुनी नावे कमी करून सातबाऱ्यावर नवी नावे चढविली.

या विंथ्रॉपचेच १६३० सालचे प्रवचन अमेरिकन अध्यक्षांच्या भाषणांतून ‘टेकडीवरील नगर’ म्हणून गाजते. १९८९ च्या जानेवारीत निरोपाचे भाषण करताना रोनाल्ड रेगन यांनी त्याचाच हवाला दिला आणि नगराला ‘तेजस्वी’ हे विशेषण आपल्या पदरचे जोडले. ज्या प्रवचनावर राष्ट्राचा पाया रचला गेल्याचे सांगतात ते प्रथम छापले गेले १८३८ साली. म्हणजे १७७६ च्या क्रांतिकारकांना ते छापील स्वरूपात उपलब्धच नव्हते. दुसरे असे की, टेकडीची उपमा प्रवचनाच्या शेवटाकडे येते आणि ती शाबासकी नसून ताकीद आहे: करार मोडलात तर जगात तुमची छी:थू होईल. प्रवचनाचा आरंभ मात्र फारसा कोणी सांगत नाही. परमेश्वराने आपल्या शहाणपणाने काहींना श्रीमंत व काहींना दरिद्री असे नेमून दिले आहे, या सिद्धान्ताने ते सुरू होते. श्रीमंतांनी दया करावी, दरिद्र्यांनी बंड करू नये. वर्गव्यवस्थेला दैवी अधिष्ठान देण्याची ही रीत रेगन यांच्या आर्थिक धोरणाला किती मानवणारी होती, हे १९८१ साली संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना एकदम बडतर्फ होताना कळले असेल.

त्या काळी सर्वांचीच समजूत तशी होती, असा बचाव केला जातो. तो खोटा आहे. रॉजर विल्यम्स हा त्याच वसाहतीतील धर्मोपदेशक. मूळ रहिवाशांची जमीन दान करण्याचा इंग्लंडच्या राजाला अधिकारच काय, असे त्याने विचारले. सदसद्विवेकाच्या बाबतीत शासनाने हात घालू नये असे सांगितले. आणि ख्रिस्तानंतर कोणतेही राष्ट्र ‘निवडलेले’ राहिलेले नाही असे प्रतिपादन केले. १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. नॅरागॅन्सेट जमातीच्या प्रमुखांशी बोलून त्यांच्या संमतीने मिळविलेल्या जागेवर त्याने नवी वस्ती केली, आणि तिचे नाव ठेविले ‘प्रॉव्हिडन्स’, म्हणजे ईश्वरी कृपा. अमेरिकेच्या नकाशावर हे नाव लिहिणारा माणूस असा होता. अर्थात नाव कोणालाही वाचवीत नाही. अठराव्या शतकात त्याच ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांनी अमेरिकन जहाजांच्या गुलामव्यापारात सर्वांत मोठा वाटा उचलला.

आता १७७६ चा जुलै. जाहीरनाम्याचा मसुदा थॉमस जेफर्सनने केला आणि काँग्रेसने त्यावर २ ते ४ जुलै असा खल केला. मसुद्यात निर्मात्याचा उल्लेख होताच. काँग्रेसने समारोपात आणखी दोन ठिकाणी भर घातली: आपल्या हेतूंच्या शुद्धतेबद्दल जगाच्या सर्वोच्च न्यायाधीशाला केलेले आवाहन, आणि ईश्वरी संरक्षणावरील दृढ भरवसा. ईश्वरी योजनेचे पुरस्कर्ते ही भर सोन्याच्या अक्षरांत लिहितात. त्याच तीन दिवसांत त्याच सभागृहाने काय वगळले, हे मात्र ते सांगत नाहीत. जेफर्सनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक संपूर्ण परिच्छेद होता. तो काढून टाकण्यात आला. साउथ कॅरोलिना व जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी हे झाले, आणि गुलामांची वाहतूक करून पैसा मिळविलेल्या उत्तरेकडील मंडळींनाही तो परिच्छेद बोचत होता, अशी नोंद खुद्द जेफर्सननेच करून ठेविली आहे. जेफर्सनला साधू ठरविण्याचे कारण नाही. आयुष्यभरात सहाशेंहून अधिक गुलामांची मालकी भोगणारा हा गृहस्थ सारा दोष इंग्लंडच्या राजावर ढकलीत होता. पण मुद्दा जेफर्सनचा नाही. एका हाताने सर्वोच्च न्यायाधीशाला साक्षीला बोलावायचे आणि दुसऱ्या हाताने आरोपपत्रातील सर्वांत गंभीर कलम खोडायचे, हा त्या सभागृहाचा व्यवहार आहे. ईश्वराचे नाव जेथे वाढले, तेथेच गुलामाचे दुःख गाळले गेले.

१७८७ च्या राज्यघटनेत तर ईश्वर नाहीच. तारखेतील ‘आपल्या प्रभूचे वर्ष’ हा रूढ शब्दप्रयोग काय तो आढळतो. सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावू नये असे कलम मात्र आहे. वृद्ध बेंजामिन फ्रँकलिनने घटना परिषदेत रोज प्रार्थना व्हावी अशी सूचना मांडली. ही सूचना भक्तमंडळी वारंवार उद्धृत करतात. पण ती मंजूर झाली नाही, आणि तीन-चार जण वगळता कोणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही असा शेरा फ्रँकलिननेच मारून ठेविला आहे. आपल्या घटनेच्या प्रस्तावनेत सर्वशक्तिमान ईश्वराला आवाहन करणारे सरकार अमेरिकेच्या भूमीवर पुढे निर्माण झाले खरे. ते १८६१ चे, गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडील संघराज्याचे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक गंमत आढळेल. अ‍ॅडम स्मिथच्या ‘राष्ट्रांची संपत्ती’ या ग्रंथातील ‘अदृश्य हात’ जगजाहीर आहे. तो ग्रंथ १७७६ चाच. १७८९ साली अध्यक्षपदाची सूत्रे घेताना जॉर्ज वॉशिंग्टननेही अदृश्य हाताचा उल्लेख केला, पण बाजारपेठेच्या नव्हे, परमेश्वराच्या. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. हात अदृश्य असेल. हे सहाशेचौतीस हात चांगलेच दृश्य होते. १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे ४० लाखांवर गेली आणि देशाच्या निर्यातीचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या कापसाचा झाला. फुकटची जमीन आणि बिनमजुरीचे श्रम ज्या राष्ट्राला आरंभीच्या भांडवलसंचयासाठी लाभले, त्याला आपल्यावर कोणाचा तरी वरदहस्त आहे असे वाटले तर नवल नाही.

पुढील शतकातील प्रकार एवढे उघड आहेत की त्यांवर शाई खर्च करण्याची गरज नाही. १८४५ मध्ये पत्रकार जॉन ओसलिव्हन याने सारे खंड व्यापणे हे अमेरिकेचे ईश्वरनिर्मित विधिलिखित असल्याचे सांगितले, आणि १८४८ पर्यंत, टेक्सास धरून, मेक्सिकोची सुमारे निम्मी भूमी गेली. ९ जानेवारी १९०० रोजी सिनेटर बेव्हरिज यांनी फिलिपाइन्स गिळण्याचे समर्थन करताना परमेश्वराने अमेरिकनांना जगाचे संघटक नेमल्याचे सांगितले. त्याच भाषणात चीनच्या बाजारपेठेचाही हिशेब होता.

विसाव्या शतकातील कथा मात्र कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील शाळकरी मुले राष्ट्रध्वजासमोर जी निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात, ती १८९२ साली फ्रान्सिस बेलामी याने लिहिली. बेलामी हा बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि ख्रिस्ती समाजवादी होता. या धर्मोपदेशकाच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा शब्द नव्हता. स्वातंत्र्य व न्याय सर्वांसाठी असा संकल्प होता. तिच्यात ‘ईश्वराच्या छत्राखाली’ हे शब्द घातले गेले १९५४ साली. ‘ईश्वरावर आमचा भरवसा’ हे राष्ट्रीय ब्रीद ठरले १९५६ साली. निरीश्वर साम्यवादापासून आपले वेगळेपण दाखविणे हे याचे कारण सांगितले जाई. परंतु पूर्वतयारी आधीची आणि घरातली होती. १९३० च्या मंदीनंतर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता व वृद्धांना निवृत्तिवेतन दिले, तेव्हा बदनाम झालेल्या उद्योगपतींना स्वतःच्या तोंडाने नफ्याची तरफदारी करणे अवघड झाले. ते काम धर्मोपदेशकांकडे सोपविण्यात आले. लॉस एंजेलिसचे जेम्स फिफील्ड यांनी १९३५ मध्ये स्थापिलेली ‘स्पिरिच्युअल मोबिलायझेशन’ ही संस्था सन ऑइलच्या हॉवर्ड प्यू यांच्यासारख्या कारखानदारांच्या पैशावर वाढली. तिची शिकवण अशी की, माणसाला हक्क देणारा ईश्वर आहे; सबब, कर बसविणारे व मजुरांची बाजू घेणारे सरकार हे ईश्वराच्या अधिकारावरील अतिक्रमण. समाजवादी धर्मोपदेशकाच्या प्रतिज्ञेत ईश्वर घुसला, तो या वाटेने.

येथे डाव्या गोटातील काही मंडळी खुशीत येऊन म्हणतील की, धर्म ही अफूच, तेव्हा हे असेच व्हावयाचे. हा निष्कर्ष उतावीळ आहे. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आपल्या आत्मचरित्रात ख्रिस्ताचा धर्म व या देशाचा धर्म यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर दाखविले, ते श्रद्धावान म्हणूनच. ४ मार्च १८६५ रोजी लिंकननेही ईश्वरी योजनेचाच उच्चार केला. पण यादवी युद्धाची ती आग दोन्ही पक्षांना मिळालेली शिक्षा असू शकेल, आणि चाबकाने काढलेल्या रक्ताची भरपाई तलवारीने सांडलेल्या रक्ताने होत असेल, असे त्याने विजयाच्या उंबरठ्यावर आपल्याच लोकांना ऐकविले. विंथ्रॉपला ईश्वर दस्तऐवजावरील साक्षीदार म्हणून हवा होता. लिंकनला तो सावकाराच्या वहीतील येणे मागणारा दिसला.

१८६५ च्या अखेरीस घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेल्या आणि निर्मिकावर श्रद्धा असणाऱ्या जोतीरावांना तो परमेश्वरी योजनेला अर्पण करता आला असता. त्यांनी तो अर्पण केला अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे स्वार्थत्याग केला होता.